रसग्रहण लिहायचं म्हणजे शब्दावर बोट ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम, कुमारभारतीचं पुस्तक. वाचन चांगलं आहे, धडा-कविता समजते, तोंडी विचारलं तर नीट सांगते. पण रसग्रहण लिहायला बसली की कवितेचा अर्थच दुसऱ्या शब्दांत उतरवते आणि चारपैकी दीड-दोन गुण मिळतात. गाइडमधली उत्तरं पाठ करून घ्यावीत का, की दुसरी काही पद्धत आहे?

पाठ करून घेऊ नका. गाइडमधली 'ओघवती भाषा', 'चपखल शब्दयोजना', 'मनाला भिडणारा आशय' ही वाक्यं कुठल्याही कवितेखाली चालतात, आणि तीच त्यांची अडचण आहे. जे वाक्य दहा कवितांना लागू पडतं, ते समोरच्या कवितेबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या मुलीला अर्थ कळतो, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे तो अर्थ कोणत्या शब्दांनी, कशा रचनेनं घडवला हे दाखवणं. एक नियम तिला सुरुवातीपासून लावा: उत्तरातल्या प्रत्येक विधानाला 'हे कुठे दिसतं?' असं विचारलं, तर उताऱ्यातल्या एका तरी शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवता येत नसेल तर ते वाक्य खोडायचं.

आधी प्रश्न ओळखायला शिकवा, कारण बरेच गुण इथेच जातात. कुमारभारतीची लेखी परीक्षा ८० गुणांची. त्यात गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. गद्यातल्या आकलन कृती (आकृती पूर्ण करा, कारणं लिहा, जोड्या लावा) उताऱ्यातलाच नेमका शब्द मागतात. तिथे स्वतःच्या भाषेत सुंदर वाक्य लिहिण्याची गरज नाही. उलट शब्द बदलला की उत्तर चुकण्याची शक्यता वाढते. अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या, गद्याच्या चार गुणांनाही हेच लागू. स्वमताला मत तुमचं, पण आधार उताऱ्याचा. रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं या तिन्ही अंगांनी लिहिणं अपेक्षित असतं. आकलनाला लागणारी सवय, म्हणजे उताऱ्यातलं उचलून लिहिणं, मुलं रसग्रहणातही वापरतात आणि मग अर्थाचं गद्य रूपांतर होतं. तुमच्या मुलीचं बहुधा हेच होत असावं.

आता वाचन कसं करायचं ते एका गद्य उताऱ्यावर पाहू. उदाहरणासाठी हा उतारा मुद्दाम रचलेला आहे:

'एसटी गेली तशी धूळ हळूहळू खाली बसली. आबांनी फाट्यावरच्या दगडावर पिशवी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. पिशवीत नातवासाठी घेतलेले बूट होते. पोराचा पाय केवढा, असं दुकानदारानं विचारलं होतं. आबांनी हाताची वीत दाखवली होती, आणि थोडं थांबून तिच्यापुढे दोन बोटं धरली होती. तीन वर्षांत वाढलाच असेल. घराकडची वाट समोर होती. आबांनी टोपी झटकली, नीट घातली, आणि पिशवी पुन्हा दगडावर ठेवली.'

पहिलं वाचन पेन्सिल हातात न घेता, सलग. यात फक्त दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: काय घडलं आणि शेवटी मनात काय उरलं. इथे घडलं एवढंच, की एक म्हातारा एसटीतून उतरला आणि फाट्यावरच थांबला. उरतो तो अवघडलेपणा.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्यायची, पण सगळ्या ओळी अधोरेखित करायच्या नाहीत. सगळं अधोरेखित केलं की काहीच केलं नाही. तीन गोष्टी शोधायच्या. एक, पुन्हा येणारा शब्द किंवा कृती. दोन, क्रियापदं आणि त्यांचे काळ. तीन, 'च', 'ही', 'पण', 'मात्र', 'तरी', 'म्हणे' यांसारखे चिमुकले शब्द. मराठीत बोलणाऱ्याचं मन याच शब्दांत लपलेलं असतं, आणि मुलं नेमके हेच ओलांडून पुढे जातात.

या उताऱ्यात 'ठेवली' तीनदा येतं. पिशवी ठेवणं, उचलणं, पुन्हा ठेवणं. 'आबा संकोचले होते' असं लेखकानं कुठेही म्हटलेलं नाही. ते काम पिशवीनं केलं आहे. काळ पाहा: फाट्यावरच्या गोष्टी 'ठेवली, झटकली' अशा साध्या भूतकाळात, आणि दुकानातला प्रसंग 'विचारलं होतं, दाखवली होती' असा आहे. म्हणजे दुकान ही आठवण. आबा उभे फाट्यावरच आहेत. आणि मग 'तीन वर्षांत वाढलाच असेल'. हे वाक्य कोणाचं? अवतरणचिन्हं नाहीत, 'आबांना वाटलं' असंही नाही. निवेदक सांगता सांगता आबांच्या मनात शिरला आहे. त्यातच 'च' खात्रीचा आणि 'असेल' अंदाजाचा, दोन्ही शेजारी. नातू वाढला असणार याची खात्री आहे, पण पाहिलेला नाही. आजोबांना नातवाच्या पायाचं माप ठाऊक नाही, ही या उताऱ्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट आहे, आणि ती वितेवर धरलेल्या दोन बोटांतून कळते.

तिसऱ्या वाचनात तीन रकाने करायला लावा: सांगितलेलं, सुचवलेलं, आणि आपण घातलेलं. बूट नातवासाठी आहेत, हे सांगितलेलं. तीन वर्षं भेट नाही आणि घरी जायला आबा कचरतात, हे सुचवलेलं. 'मुलानं बापाला घराबाहेर काढलं', 'आबा गरीब आहेत', 'सुनेशी पटत नाही' हे आपण घातलेलं. मराठी कथा-मालिकांत असे प्रसंग इतके येतात, की मुलं उताऱ्यात नसलेलं कारण बिनधास्त लिहून टाकतात. उतारा कारण सांगत नाही. ते न सांगणं ही लेखकाची निवड आहे, आणि 'दुराव्याचं कारण लेखक सांगत नाही, त्यामुळे वाचक आबांच्या घुटमळण्याकडेच पाहत राहतो' असं लिहिलं तर ते खरं विश्लेषण झालं.

कवितेला आणखी दोन पायऱ्या लागतात: अन्वय लावणं आणि मोठ्यानं वाचणं. बालकवींची 'औदुंबर' घेऊ. आठच ओळी आहेत, शब्द सोपे आहेत, आणि तरी तिच्यात शोधण्यासारखं खूप आहे:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

अन्वय म्हणजे प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधून ओळ गद्याच्या क्रमानं मांडणं. सहाव्या ओळीत 'चालली' कोण? पायवाट, ती पाचव्या ओळीतून आली आहे. मुलं ओळ संपली की वाक्य संपलं असं धरतात आणि कर्ता हरवतो. सातव्या ओळीत 'पसरी' चा कर्ता कोण? काळिमा लाटांवर पसरतो असं वाचता येतं, किंवा आठव्या ओळीतला औदुंबर तो पसरवतो असंही. दोन्ही वाचनं व्याकरणात बसतात. अशा वेळी एक निवडून उगाच ठामपणे लिहिण्यापेक्षा 'असंही वाचता येतं' म्हणून दोन्ही नोंदवलेली बरी. परीक्षेत वेळ नसेल तर दोन्हींना चालेल असं वाक्य करावं, जसं की 'डोहाच्या पाण्यावर गोड काळिमा पसरला आहे'.

मग मोठ्यानं वाचा. तिसऱ्या ओळीच्या मात्रा (लघू अक्षराची एक, गुरू अक्षराच्या दोन) मोजून बघा: 'चार घरांचे' आठ, 'गाव चिमुकले' आठ, 'पैल टेकडीकडे' अकरा. चौथी ओळही ८-८-११. ही समान पावलं मुलीला टाळीवर म्हणता आली, की 'कवितेला संथ लय आहे' हे वाक्य ती स्वतःच्या कानाच्या आधारानं लिहील. यमक दोन-दोन ओळींचं आहे: टेकडीकडे-पुढे, पडे-डोहाकडे, लाटांवर-औदुंबर. चार ओळी 'डे-ढे' च्या जवळजवळ एकाच आवाजात जातात आणि शेवटच्या दोन ओळींत तो बदलतो, म्हणजे नजर डोहापाशी आली तिथेच.

आता रंग काढा. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. उघड्या हिरव्यापासून चित्र गडद होत जातं. क्रियापदं काढा: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झऱ्याला वाहणं, वाटेला चालणं, काळिम्याला पसरणं, आणि शेवटचं क्रियापद 'बसला'. सगळ्या हालचालीच्या शेवटी कोणीतरी स्थिर आहे. याद्या करायला पाच मिनिटं लागतात, पण कवितेची बांधणी डोळ्यांसमोर येते.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारायचा: इथे काय नाही? या कवितेत 'मी' नाही. पाहणारा कुठेतरी उभा आहे, 'ऐल', 'पैल', 'पुढे' या शब्दांवरून ते कळतं, पण तो स्वतःबद्दल बोलत नाही. आणि माणूसही नाही. घरं आहेत, मळे आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसांच्या खुणा भरपूर आहेत. 'गर्दी' हा माणसांचा शब्दसुद्धा आला आहे, पण तो पिकांसाठी. पाय आहेत आणि बसतो आहे तो फक्त औदुंबर. 'पायवाट' डोहाकडे जाते आणि तिथे पाण्यात 'पाय' सोडून झाड बसलेलं असतं, हा धागा दिसला की कविता एकदम जवळची होते. मुलीला तो स्वतः शोधू द्या. सांगून टाकू नका.

अलंकाराबद्दल नेमकं बोलू या, कारण इथे बहुतेक उत्तरं कच्ची राहतात. 'पाय टाकुनी बसला' यात चेतनगुणोक्ती आहे: अचेतन किंवा मानवेतर वस्तूला माणसाच्या क्रिया दिल्या आहेत. पण 'पायवाट चालली' यालाही तीच चिठ्ठी लावावी का? वाट जाते, रस्ता वळतो, असं आपण रोजच्या बोलण्यातही म्हणतो. रुळलेल्या बोलण्याला अलंकार म्हणून पुढे केलं तर मुद्दा लुळा पडतो. म्हणून एका उत्तरात एकच अलंकार घ्या, तो सगळ्यात ठळक असू द्या, आणि त्याच्या नावानंतर लगेच 'त्यामुळे' हा शब्द आलाच पाहिजे. 'येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे' एवढं लिहून थांबलेलं उत्तर अर्धंच आहे. त्यामुळे काय झालं, ते झाड वाचकाला कसं वाटलं, हे पुढच्या अर्ध्या वाक्यात आहे.

'गोड काळिमा' कडे बरीच मुलं विरोधाभास म्हणून पाहतात. काळोख आणि गोडवा एकत्र आले हे खरं, पण जास्त नेमकं म्हणजे चवीचं विशेषण डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाला लावलं आहे. त्याचा परिणाम असा, की डोह काळा असूनही भिववत नाही. अलंकाराचं नाव आठवलं नाही तरी हे साध्या शब्दांत लिहिता येतं. काय केलं आहे आणि त्यानं काय झालं हे बरोबर असेल, तर नावाविना लिहिलेलं वाक्य चुकीच्या नावापेक्षा कितीतरी चांगलं.

कवीच्या चरित्रापासून सावध राहायला सांगा. बालकवींचा, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा, जन्म १८९० सालचा, धरणगावचा. १९१८ मध्ये भादली इथे रेल्वे अपघातात त्यांचं निधन झालं. ही माहिती मनाला चटका लावते, म्हणून मुलं 'काळ्या डोहा'त थेट कवीच्या अकाली मृत्यूची चाहूल शोधतात. कविता लिहिताना पुढचा अपघात कवीला ठाऊक असणं शक्य नव्हतं. कवितेत उदासी वाटते का? वाटू शकते, पण ती 'काळ्या', 'काळिमा', 'झाकळुनी' या शब्दांवरून दाखवावी लागेल, आणि त्याच वेळी 'गोड' या शब्दाचं काय करायचं याचंही उत्तर द्यावं लागेल. आपल्या अर्थाला अडचणीत आणणारा शब्द लपवायचा नाही, त्याला उत्तरात जागा द्यायची. वाचन प्रामाणिक आहे की नाही हे तिथे कळतं.

आता लेखन. समजा शेवटच्या दोन ओळींचं रसग्रहण विचारलं. नेहमीचं उत्तर असं असतं: 'वरील ओळी बालकवींच्या सुंदर कवितेतील आहेत. बालकवी हे निसर्गकवी होते. या ओळींत कवी सांगतात की डोहाच्या पाण्यावर काळिमा पसरला आहे आणि औदुंबराचे झाड पाण्यात पाय टाकून बसले आहे. कवीने निसर्गाचे खूप छान वर्णन केले आहे. भाषा सोपी व ओघवती आहे.' चुकीचं असं यात काही नाही. पण तिसरं वाक्य म्हणजे ओळींचाच अर्थ, आणि बाकीची चार कुठल्याही निसर्गकवितेखाली चालतील.

याच ओळींवर दुसरं उत्तर:

'बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेच्या या शेवटच्या ओळींत झरा, गाव, मळे आणि पायवाट यांवरून फिरत आलेली नजर डोहापाशी स्थिरावते. डोहाच्या पाण्यावर गोड काळिमा पसरला आहे आणि औदुंबर पाण्यात पाय सोडून निवांत बसला आहे, असे शांत चित्र कवीने उभे केले आहे. 'पाय टाकुनी', 'बसला' या मानवी क्रिया झाडाला दिल्यामुळे येथे चेतनगुणोक्ती अलंकार साधला आहे. आधीच्या ओळींत घरे व पायवाट असूनही माणूस दिसत नाही, त्यामुळे हे झाडच कवितेतील एकाकी माणसासारखे वाटते. 'गोड काळिमा' या शब्दांत चवीचे विशेषण रंगाला लावल्याने काळोख भीतिदायक न वाटता हवासा वाटतो. वाहतो, चालली या गतीच्या क्रियापदांनंतर शेवटी 'बसला' हे स्थिर क्रियापद येते आणि कवितेची गती थांबते. लाटांवर-औदुंबर या यमकामुळे ओळींना संथ नाद मिळतो.'

सात वाक्यं आहेत. पहिली दोन आशयाची, पुढची तीन काव्यसौंदर्याची, शेवटची दोन भाषेची. 'सुंदर' हा शब्द एकदाही नाही. बोलण्यातली 'केलं, असं' ही रूपं सोडून 'केले, असे' ही लेखी रूपं वापरली आहेत. उत्तरपत्रिकेत एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवावी, दोन्हींची सरमिसळ खटकते. उद्धृत केलेले शब्द एकेरी अवतरणात आणि दोन-तीन शब्दांपुरतेच. प्रश्नात छापलेल्या ओळी पुन्हा उत्तरात उतरवू नयेत, त्यात दोन मिनिटं जातात आणि मिळत काहीच नाही.

वेळेचा हिशेब सरळ आहे. तीन तासांत ८० गुण, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. चार गुणांच्या रसग्रहणाला नऊ. त्यातली दोन मिनिटं वाचायला आणि समासात मुद्द्यांचे शब्द टिपायला, सहा लिहायला, एक शुद्धलेखनाला. मुलं ती पहिली दोन मिनिटं वाचवायला जातात आणि मग चौथ्या वाक्यावर अडकून 'खूप छान वर्णन' वर येतात.

स्वमताबद्दल थोडंसं. तीन गुणांच्या उत्तरात पहिल्याच वाक्यात मत यावं, दुसऱ्या-तिसऱ्यात उताऱ्यातला आधार, मग आपल्या आजूबाजूचं एखादं नेमकं उदाहरण. उताऱ्याचं नावही न घेता 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशी सुरुवात झाली की तो निबंध होतो.

घरी सराव करायचा तर पाठ्यपुस्तकातल्या कवितांवर करू नका. त्यांच्यावरची तयार वाक्यं डोक्यात आधीच बसलेली असतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात. त्यातली एखादी छोटी कविता किंवा शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा आठवड्यातून दोनदा पुरे. पहिले दोन आठवडे उत्तर लिहायचंच नाही, फक्त याद्या: पुन्हा येणारे शब्द, क्रियापदं, 'च-ही-पण', आणि 'काय नाही'. तिसऱ्या आठवड्यापासून एका निरीक्षणाचं एकच वाक्य, 'त्यामुळे' सकट. अशी सलग चार वाक्यं जमायला लागली की मग पूर्ण रसग्रहण, घड्याळ लावून.

तपासताना तुम्हाला कवितेतलं सगळं कळायलाच हवं असं नाही. कवितेचं नाव आणि उद्धृत शब्द बोटानं झाकून उत्तर वाचा. जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेबद्दलही खरं वाटेल, त्याच्यासमोर समासात फक्त एक प्रश्नचिन्ह करा आणि वही परत द्या. वाक्य तिचं तिलाच दुरुस्त करू द्या.